चित्राखाली आत्याची टिकली

मंडळी, आज नारायणगावच्या गॅलरीत आम्हा चित्रकारांचं प्रदर्शन सुरू झालं. चित्र विकलं गेलं की मालक त्याखाली लाल गोल स्टिकर चिकटवतात. दुपारपर्यंत सगळ्यांना स्टिकर लागले, माझंच धरणाचं चित्र राहिलं. मी तोंड पाडून बसले होते.

तेवढ्यात येडगावहून माझी आत्या जीपने आली. सगळी चित्रं बघून माझ्या चित्रापाशी थांबली आणि कपाळाची टिकली काढून तिनं त्याखाली लावली. वर मालकांनाच दटावलं, "सगळ्यांना टिकली लावली, मग आमच्याच पोरीच्या चित्राला का नाय?"

मालक हसत टिकली काढायला आले. मी म्हटलं, "राहू द्या. गेलं हे चित्र."

लई बरं वाटलं, राव! प्रदर्शन संपलं की ते आत्याच्या भिंतीवर लागेल. तिला अजून सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.