वेलचीवाल्या आजी

माझ्या मदतीला धावल्या त्या दर शुक्रवारी वेलची घ्यायला येणाऱ्या गोऱ्या आजी. कुठल्याही दुकानात शिरल्या की त्या आधी प्रत्येक दार हाताने ढकलून बघायच्या आणि पुटपुटायच्या, "उघडतंय."

परदेशात आल्यावर श्रूजबरी गावातल्या इंडियन ग्रोसरीत मी मागच्या खोलीत डाळी पॅक करायचे. माल चोरीला जातो म्हणून मालक काका बाहेरून कुलूप लावायचे. एका शुक्रवारी आजींनी ते दारही ढकललं. ते उघडलं नाही, पण आतली माझी खुडबुड त्यांना ऐकू गेली.

"आत कोण आहे?"

"आमचीच मुलगी आहे, सेफ आहे," काका म्हणाले.

"मग मलाही कोंडा."

काकांनी हसत कुलूप काढलं. आजी खरंच आत आल्या आणि तांदळाच्या पोत्यावर बसल्या. मला नोकरी जायची भीती वाटली. मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "प्लीज, जा."

त्या हलल्या नाहीत, बसल्या बसल्या सांगू लागल्या. त्यांची मावशी कापडगिरणीच्या आगीत गेली होती. दाराला बाहेरून कुलूप होतं. मग गिरणीतल्या बायकाच रस्त्यावर उतरल्या, आमदारांच्या मागे लागल्या, आणि दारं उघडी ठेवायचा कायदा झाला. मी सातवीत शाळा सोडलेली. कायदे कुणीतरी मोठी माणसं करतात, असं मला वाटायचं. गिरणीतल्या बायकांनी?

तासाभराने काकांनी कुलूप खिशात टाकलं. "उठा आजी. नाही लावत परत."

मी त्यांना धड थँक्यूही म्हटलं नाही. कधीतरी मीही कुणासाठी अशीच आत जाऊन बसेन, आणि मग आजींना ते सांगायला जाईन.