म्हैसधोंडा आणि बाबांचं ऐकणं

माझे बाबा ऐकत नाहीत. आमच्या घरात या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे आहेत. पोलादाच्या प्लांटमध्ये आयुष्यभर क्रेन चालवून त्यांचे कान गेले, पण ते कबूल करत नाहीत. कानाचं मशीन घेऊन दिलं, ते डब्यातच पडून होतं. "मले आयकू येते. लोकच हळू बोलून राहिले आजकाल," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मार्चमध्ये त्यांनी नवीनच खूळ काढलं. तरुणपणी काही महिने ते दल्ली राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीत होते. तिथल्या जंगलात बसलेल्या म्हशीसारखा एक प्रचंड धोंडा होता. सोबतचे सगळे त्यावर चढले, हे दोनदा घसरले. क्रेनवाल्याला धोंडा चढता येत नाही म्हणून जी थट्टा झाली, ती अजून सलत होती. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांना तो चढायचा होता. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, कोणत्या अर्थाने ते देव जाणे. शेवटी मीही निघाले.

आमच्या जवळच्या मरोदा स्टेशनहून सकाळची पॅसेंजर सोयीची पडते. दल्लीला उतरल्यावर स्टेशनबाहेर तांदळाच्या पिठाचा गरम फरा आणि टमाटरची चटणी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. पांढरे कपडे घालू नका, लाल धूळ धुऊनही जात नाही. डोंगराखालच्या गावापर्यंत जाऊन-येऊन ऑटोवाला पाचशेत तयार झाला.

गावाबाहेर एक म्हातारी मोहाची फुलं वेचत होती. मोठा धोंडा कुठल्या बाजूला, असं मी तिच्याच बोलीत विचारलं, "दाई, बड़े जान पखना कते डहर हे?"

"पखना तो जम्मो डहर हे, नोनी," ती म्हणाली. खरंच होतं, चहूकडे दगडच होते.

"बइठे भंइसा असन," मी म्हटलं, बसलेल्या म्हशीसारखा.

"अइसे बोल न. भंइसा पखना. नरवा के ओ पार."

म्हणजे नाल्याच्या पलीकडे. बाबा अलीकडेच शोधू म्हणत होते. कोरडा नाला ओलांडून अर्धा तास सालाच्या झाडांतून चाललो आणि तो दिसला. दोन मजले उंच, काळा, एका बाजूने उतरता. बाबांनी चपला काढल्या आणि मला समोरच्या उंचवट्यावर उभं केलं. "तू खलासी. मी मागं पाहीन तवा हात दाखव."

खलासी म्हणजे खाली उभं राहून क्रेनवाल्याला इशारे देणारा. मूठ म्हणजे थांब, वर फिरणारं बोट म्हणजे उचल. हे मला लहानपणापासून येतं, कारण भात पुरे झाला की बाबा ताटावर मूठ धरायचे.

अर्ध्यापर्यंत ते छान चढले. मग त्यांचा उजवा पाय एका सुट्या पापुद्र्याकडे गेला. मी ओरडले. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा घसा फाटेस्तोवर ओरडले, पण पाय सरकतच होता. टेकायच्या आधी त्यांनी सवयीने मागे पाहिलं. मी मूठ वर धरली.

पाय तसाच हवेत थांबला. का, कशाला, काही नाही. मी हात डावीकडे केला, पाय डावीकडे गेला. बोट फिरवलं, ते वर सरकले. जन्मात पहिल्यांदा ते माझं इतकं ऐकत होते.

मागोमाग मीही चढले. वरून खाणीच्या लाल पायऱ्या दिसत होत्या. शेजारी बसून आम्ही डब्यातल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. बाबा इतके खूश होते की मला उगाच रडू येत होतं.

"खालच्याच्या हातावर भरवसा पायजे," ते म्हणाले. "नाही त क्रेन चालतच नाही."

मग डबा बंद करता करता त्यांनी विचारलं, "तू आवाज देल्ला होता का?"

मी मान डोलावली. तीन बोटं दाखवली.

"मले आयकू नाही आलं," बाबा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

उतरताना बसून उतरा, घाई करू नका. संध्याकाळच्या गाडीने आम्ही घरी आलो. माझे गुडघे दोन दिवस दुखले, त्यांचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात पेपर वाचत बसले होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेहमीसारखी ओरडले, "बाबा, चहा घेता का?"

त्यांनी पेपरातून मान वर न करता मूठ वर धरली, ओरडणं पुरे. मी बाहेर येऊन पाहिलं, मशीन कानात होतं.