उसन्या मिशीचा सोंडकिडा

गोंदतात्या (जन्म १९३१, मृत्यू २००६) हे संग्रहालयाच्या कीटक-विभागात मांडणीकार होते. वाळलेला किडा दमट बरणीत मऊ करावा, त्याचे पाय सरळ करावेत आणि त्याला टाचणीवर बसवावे, हेच त्यांचे जन्माचे काम.

निवृत्तीच्या वर्षी उष्ण रानातून, बुरशी धरलेल्या लाकडावर जगणाऱ्या सोंडकिड्याचा एकुलता एक नर आला. अंग नखाएवढे, मिशा अंगाच्या तिप्पट. विभागप्रमुख बाई त्याचे वर्णन छापणार होत्या आणि मिशांची लांबी हीच त्या जातीची खूण होती. तात्यांना दम धरवला नाही. किडा पुरता मऊ होण्याआधीच त्यांनी तो उचलला. डावी मिशी मोडली आणि झाडलोटीत गेली. तेव्हा हाताच्या सवयीने त्यांनी मोडक्या किड्यांच्या डबीतून जुळती मिशी काढून चिकटवली. शाळकरी मुलांना दाखवायच्या पेट्यांत ही रीत कुणाला खटकत नसे. सांधा भिंगातूनही दिसेना.

घरी मात्र घास उतरेना.

"एका मिशीपायी एवढं?" पत्नी म्हणाली. "तुमच्या दोन्ही काढल्यात, तेव्हा तर मजेत जेवलात."

"माझ्या कुणी मोजत नव्हतं. हिची लांबी बाई मोजतील, छापतील."

"मग सांगून टाका. त्या काय तुम्हाला टाचणीवर बसवणार आहेत?"

"अगं, मी निवृत्त व्हायच्या वेळी सगळे म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

"हात गेलाच आहे. जीभ आहे ना शाबूत?"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सांगितले. बाईंनी भिंग खाली ठेवले.

"तात्या, मी कालच डावी मोजली."

"उजवी मोजा, बाई. ती त्याचीच आहे."

"मोजीन. पण तुमच्या जुन्या किड्यांचं काय? कुणाचं काय कुणाला लावलंत, ते मी कसं ओळखू?"

अभ्यासाच्या पेट्यांत आपण असे कधी केले नाही, असे तात्यांना शपथेवर सांगवेना.

वर्णन उजव्या मिशीवरून छापले गेले. उसनी मिशी काढण्यात आली. निवृत्तीनंतर तात्या बाईंच्या परवानगीने रोज येऊन बसत आणि आपल्याच जुन्या किड्यांचे सांधे ओलावून, चिकटवलेले काही सुटते का ते तपासत. काम पुरे होण्याआधीच ते गेले. न तपासलेल्या पेट्यांवर बाईंनी 'मोजमापास घेऊ नये' अशी चिठ्ठी लावली. त्या पेट्या तपासायला अद्याप कुणी बसलेले नाही.