कपाचा कान

अग्नी सगळं शुद्ध करतो, अशी आपल्याकडे फार जुनी आणि गंभीर श्रद्धा आहे. विजेच्या भट्टीत काळी माती भाजणाऱ्या लोकांची मात्र तशी काही श्रद्धा नसते. ते भिंतीतला पंखा सुरू करतात, खिडक्या उघडतात आणि बाहेर जाऊन बसतात. काळ्या रंगासाठी त्या मातीत मँगनीज घातलेलं असतं आणि भट्टी तापली की त्याची वाफ छातीत जाणं बरं नाही. हे मला लालबागच्या एका गाळ्याबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसवून सांगण्यात आलं.

तिथे मी गेलो ताईमुळे. ताई माझी मोठी बहीण. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. परळच्या दोन खोल्यांत आम्ही आयुष्यभर एकमेकांच्या चहाला नावं ठेवत राहिलो. बँकेतून निवृत्त झाल्यावर ती त्या गाळ्यात मातीकाम शिकायला जाऊ लागली.

"या वयात?" मी म्हणालो.

"या वयात तू पेपर मोठ्यानं वाचतोस. मी काही म्हणते का?"

तिने काळ्या मातीचे चार कप केले आणि घरी आणून ओट्याजवळच्या खिडकीत सुकायला ठेवले. ते सुकत होते आणि ती गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं मलाही कळलं होतं.

आमचे एक चुलत भाऊ आहेत, घराण्यातले थोरले. त्यांना सगळे दादा म्हणतात. तेराव्याला त्यांनी उभं राहून भाषण केलं आणि ताईला त्यागमूर्ती म्हटलं. ताईने डब्यातला शेवटचा लाडू कधी कुणासाठी सोडल्याचं मला आठवत नाही. जेवणं झाल्यावर दादांचं लक्ष खिडकीत गेलं.

"अर्धवट राहिलेली वस्तू घरात ठेवू नये रे. विसर्जन करून टाक."

"कपांचं?"

"कच्चीच माती ना? शाडूसारखी विरघळेल. चौपाटीवरच जायला हवं असं नाही. हल्ली बादलीत चालतं."

वाईट म्हणजे ते बरोबर होतं. न भाजलेला कप पाण्यात ठेवला की त्याचा चिखल होतो. पण मला ताईच्या हातचं काहीतरी घरात राहायला हवं होतं. तिने जन्मभर सह्या केल्या, त्या सगळ्या बँकेकडे राहिल्या. स्वयंपाक केला, तो आम्ही खाल्ला. उरले होते हे चार कप.

"भाजून आणतो," मी म्हणालो. "तिच्या क्लासमध्ये विजेची भट्टी आहे."

दादांनी विचारलं, "परत इलेक्ट्रिक?"

ताईला विद्युतदाहिनीत नेलं होतं. तिनेच तसं सांगून ठेवलं होतं. दादांना लाकडं हवी होती.

कप तिच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून, टॅक्सीत मांडीवर धरून लालबागला नेले. क्लास चालवणारी बाई ताईपेक्षा बरीच लहान. तिने साडी उलगडली आणि थोडा वेळ कपांना हात लावला नाही. मग विचारलं, "काका, ही कुठली माती?"

"काळी."

"काळ्या आमच्याकडे दोन आहेत. सुकल्यावर अगदी सारख्या दिसतात. एक पूर्ण आचेवर दगडासारखी पक्की होते. दुसरी त्याच आचेवर वितळते, गुळाच्या पाकासारखी. कप तर जातोच, भट्टीत ज्या फरशीवर ठेवतो तीही जाते. ताई काही बोलल्या होत्या?"

ताई माझ्याशी पुष्कळ बोलत असे. हे सोडून.

"मग सॅम्पल भाजून बघावं लागेल," ती म्हणाली. "एका कपाचा कान मोडू?"

कान जोडताना ताईने प्रत्येक ठिकाणी अंगठ्याने दाबलं होतं. तो ठसा स्वच्छ दिसत होता. म्हणजे तिच्या हातचं जे काही होतं, ते नेमकं कानापाशीच होतं.

"कुठला?" तिने विचारलं.

तीन कान वाकडे होते. चौथा नीटस, दुकानातल्या कपाला शोभेल असा. त्यात ताई सगळ्यांत कमी दिसत होती, म्हणून मी तो पुढे केला. टक् असा आवाज झाला.

"हाच त्यांना आवडायचा," तुकडा हातात घेऊन ती म्हणाली. "कितीदा मोडून केला, तेव्हा जमला."

इतरांच्या भांड्यांबरोबर तो कान पूर्ण आचेवर भाजला. खाली एक जाड वाटी ठेवली होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वाटीच्या तळाशी काळा, चकचकीत थेंब होता.

"अख्खा कप ठेवला असता तर?"

"तर कप नसता, काका."

मग चारही कप कमी आचेवर, सावकाश भाजायचं ठरलं. घाई केली तर आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि कप फुटतो. पूर्ण सुकलेत ना, म्हणून तिने एकेक कप गालाला लावून पाहिला. भट्टी आपली आपण बंद होते, तुम्ही घरी जा, असंही म्हणाली.

"मी बसतो."

"बसा. पण आत यायचं नाही."

मी पायरीवर बसून राहिलो. स्मशानातही आम्हाला असंच बाहेर बसवलं होतं. तिथे कुणी कुणाला घरी जा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भट्टी पूर्ण निवल्यावरच तिने झाकण उघडलं. चारही कप न तडकता निघाले होते. तिने एकावर नख वाजवलं, मग तो माझ्या हातात दिला. मी ताईच्या ठशावर अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही. माझा मोठा आहे.

"असा चहा नका पिऊ यातून. झिरपेल, आणि ही माती पोटात जाणं चांगलं नाही," ती म्हणाली. "आतून काचेचा लेप देऊन परत भाजले तर चालतील. पण परत भट्टीत गेल्यावर काय होईल, याची खात्री मी देत नाही."

मी कप साडीत गुंडाळले.

तीन कपाटात आहेत. बिनकानाचा टेबलावर ठेवलाय, त्यात माझी पेनं असतात. त्यातलं एकच चालतं.