न उमटणारा अंगठा

ती घटना आजही आठवली की आधी स्वतःचाच राग येतो आणि मग मिशीतल्या मिशीत हसू फुटतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. भोर-वेल्ह्यात पोलीस खात्यात नोकरी झाली, तिथली माणसं अजून भेटतात.

माझं इंग्रजी कच्चं. वरिष्ठांच्या बैठकीत इंग्रजी शब्दांचा भडिमार व्हायचा, म्हणून खिशात एक छोटी डायरी ठेवली होती. शब्द ऐकला की मराठीत लिहायचा, पुढे अर्थ. त्या आठवड्यात मी एकाच पानावर अडकलो होतो. आयडेंटिटी म्हणजे ओळख. आयडेंटिफाय म्हणजे ओळख पटवणे. आयडेंटिकल म्हणजे तंतोतंत सारखे. आयडिया सगळ्यांनाच सुचते, म्हणून तिच्यापुढे काही लिहिलंच नव्हतं.

गुरुवारी भाटघर धरणाच्या पाण्याकडेच्या गावातली सत्तरीची एक मावशी पोलीस ठाण्यात आली. विधवा, एकटी, पोट भातशेतीवर. तिची भाताची चारही खाचरं तिनंच विकल्याचा दस्त मागच्या महिन्यात नोंदवला गेला होता. खरेदीदार सोमवारी तारेचं कुंपण घालणार होता.

"सायेब, म्या कायबी इकलं न्हाई. रोपं तयार हायती. सोमवारी तार मारली तर लावू कुठं? आन् खाऊ काय?"

मी दस्ताची प्रत मागवली. फोटो धुरकट, बाईचा पदर कपाळावर ओढलेला. ती कुणीही असू शकली असती. सोबत मावशीच्या नावाच्या आधार कार्डाची प्रत, ओळख पटवणारे दोन साक्षीदार आणि खाली अंगठा.

"मावशी, इथं अंगठा द्या. ताडून बघू," मी म्हटलं.

तिनं हात पदराखाली घेतला. "आंगठा नगं, सायेब. दुसरं कायबी इचारा."

झालं, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं बोलणारं माणूस अंगठ्याला कशाला घाबरेल? जमीन विकून पस्तावलेले लोक मी पाहिले होते. "अर्ज ठेवून घ्या, पुढच्या आठवड्यात बघू," असं ठाणे अंमलदाराला सांगून मी चहा मागवला. मावशी बाकावरून हलली नाही. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात तिच्या गावचा रेशन दुकानदार कसल्याशा दाखल्यासाठी आला. तिला बघून म्हणाला, "काय मावशे, हितंबी आंगठा उमटंना व्हय?"

मी कप खाली ठेवला आणि त्याला आत बोलावलं.

"सायेब, हिचा आंगठा मशीन घेतच न्हाई. दर महिन्याला मशीनला डोळं दावून धान्य न्हेती. रांगंतली लोकं हसत्यात, म्हनून लाजती. समदा जलम चिखलात, शेनात गेला, बोटावर रेघाच ऱ्हायल्या न्हाईत. आमच्यात भातलावणीच्या लई बायांचं असंच हाय."

मी दस्त पुन्हा उघडला. त्यावरचा अंगठा इतका स्वच्छ होता की रेघ न् रेघ मोजून घ्यावी. आयडियापुढची मोकळी जागा त्या दुपारी भरली.

शुक्रवारी सकाळी व्यवहार जुळवणारा एजंट चौकशीला आला. कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं साखरेचं. खोटं बोलणाऱ्यावर ओरडायचं नसतं, त्याला बोलू द्यायचं असतं. मी पंखा त्याच्याकडे वळवला.

"दस्तावरचा अंगठा मावशींचाच ना?"

"शंभर टक्के, साहेब. मी स्वतः हात धरून उमटवला."

जबाबात तेच वाक्य लिहून खाली त्याची सही घेतली. मग पंचांसमोर मावशीला बोलावलं आणि शाई पुढे केली. "मावशी, लाजू नका. मला हाच अंगठा पाहिजे."

तिनं अंगठा दाबला. कागदावर नुसता काळा डाग. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तोच डाग. मी शेजारी दस्त ठेवला आणि एजंटला म्हटलं, "धरा आता हात, आणि उमटवा असा!"

तो मावशीच्या बोटाकडे बघतच राहिला. त्यानं कार्ड जमवलं, साक्षीदार जमवले, पदर कसा घ्यायचा तेही शिकवलं. भात लावणाऱ्या बाईचा हात कसा असतो, हे मात्र त्यानं कधी बघितलंच नव्हतं. दुपारपर्यंत त्यानं तोतया बाईचं नाव सांगितलं. पानशेतकडच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसणारी त्याचीच नातेवाईक. संध्याकाळी गुन्हा दाखल होऊन दोघंही अटकेत होते. दस्तावरचा ठसा तिचाच असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल पुढे आला. यथावकाश कोर्टात दस्तही रद्द झाला. पण त्याआधीच, अटकेची बातमी ऐकून, फसवला गेलेला खरेदीदार इतका हादरला की त्यानं तारेचा टेम्पो वाटेतल्या कामथडीवरूनच माघारी फिरवला.

सोमवारी मी मुद्दाम खाचरावर गेलो. कुंपणाच्या जागी बायांची वाकलेली रांग होती. मावशी लांबूनच ओरडली, "सायेब, बूट काडा आन् या!" मी उतरलो आणि रोपांची एक मूठ लावलीही, पार वाकडी. बाया पोट धरून हसल्या. खरं सांगतो, एवढा आनंद मला पदक मिळूनही झाला नसता.

संशय घ्यायला खातं लवकर शिकवतं. पण माणूस काही लपवतो तेव्हा दर वेळी त्यामागे गुन्हा नसतो, कधी नुसती लाज असते, हे मला मावशीनं शिकवलं. त्यानंतर कुणी हात पदराखाली घेतला की मी आधी कारण विचारत गेलो.

निघताना मी डायरीचं ते पान तिच्यापुढे धरलं. "मावशी, इथं एक अंगठा द्या."

तिनं चिखलाचाच अंगठा दाबला आणि विचारलं, "उमटला न्हाई ना, सायेब?"

"लई झकास उमटला, मावशी!"

डायरी अजून माझ्याकडे आहे. 'आयडेंटिटी'पुढे मी लिहिलेला अर्थ त्या चिखलाखाली झाकला गेला. तो पुन्हा लिहावा असं मला कधी वाटलं नाही.