पेटीच्या आतला कागद

पेटीला आतून अस्तर लावताना पेटीवाल्यांना दुकानात कुणी बोललेलं खपत नसे. पुठ्ठा कापताना ते स्वतःच जगाची उठाठेव करत, बाहेरचं कापड चिकटवताना गिऱ्हाइकाची चेष्टाही करत. पण आतला कागद हातात घेतला की तोंडाला कुलूप. मग दारात कुणीही येऊन उभं राहो, "बसा" एवढंच म्हणत आणि तेही नाकातून. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत थोरली लेक कामावर जायची तयारी करत असली तर तिलाही भांडी हळू ठेवावी लागत.

त्यांचा रोजचा धंदा साधाच होता, दुकानदारांना लागणारी खोकी करण्याचा. पण त्यांचं नाव झालं होतं ते जपणुकीच्या पेट्यांमुळे. घरातले फोटो, कागदपत्रं, मुलांनी काढलेली चित्रं ठेवायला जाड पुठ्ठ्याची, वरून कापड लावलेली, झाकण अलगद सरकून बसेल अशी पेटी लोक त्यांच्याकडून करून घेत. आणि त्या पेटीत त्यांची स्वतःची अशी एक खूण असे. पेटी ज्या दिवशी सांगितली त्या दिवसाचं वर्तमानपत्र ते आतून चारी बाजूंनी चिकटवत. तारखेची ओळ बरोबर झाकणाच्या आत मधोमध. कुणाला मूल झालेलं असे, कुणी नवं घर घेतलेलं असे, कुणाचं माणूस गेलेलं असे. पुढे कधीही झाकण उघडा, तो दिवस समोर. ही कल्पना त्यांची, आणि त्यांना तिचा भारी अभिमान.

ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते शिकले तो मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा. मोरचूद विषारी, त्यामुळे कागद खाणारी कसर फिरकत नाही. पण वर्तमानपत्राच्या पातळ कागदावर त्याचे निळेहिरवे डाग उतरतात. तारखेच्या ओळीवरच डाग पडलेला पाहिला की पेटीवाल्यांचं डोकं फिरे. म्हाताऱ्याच्या माघारी त्यांनी मोरचूद बंद केला आणि नुसत्या मैद्याची पांढरीस्वच्छ खळ करायला लागले. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं की कामात सफाई पाहिजे. सफाईचा सोस माणसाला कुठवर नेतो ते त्यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

त्या सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाई आल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, ताठ चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी आजारानं गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हा पेटीवाल्यांनी त्यांना गडद निळ्या कापडाची पेटी करून दिली होती आणि तिचं काही घेतलं नव्हतं. तीच पेटी त्यांनी टेबलावर ठेवली.

"उघडा," नर्सबाई म्हणाल्या.

पेटीवाल्यांनी झाकण सरकवलं. आतून पिठूळ भुगा सांडला. अस्तराची नुसती जाळी उरली होती आणि तिच्यातून चंदेरी किडे सैरावैरा पळाले. खळीच्या चवीला सोकावलेली कसर कागद संपल्यावर फोटोंकडे वळली होती. ती शिवली नव्हती तिथे पिवळे डाग चढले होते. कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"नऊ वर्षांत मी उघडली नव्हती. धीरच होत नव्हता," नर्सबाई म्हणाल्या. "काल झाला."

पेटीवाले सांडलेला भुगा तळहातावर गोळा करायला लागले. नर्सबाईंनी वाट पाहिली नाही. पेटी तशीच उचलली, काखेत मारली आणि त्या निघून गेल्या. रडल्या असत्या, दोन शब्द सुनावले असते, तर पेटीवाल्यांना ते सोपं गेलं असतं.

खरी गोष्ट तर मागच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर होती. तिथे पेटीवाल्यांची स्वतःची पेटी होती. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, त्यानंतरच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती केली होती. बायको पेन्सिलीनं चित्रं काढायची. कुणाकडे शिकली नव्हती. हिशेबाच्या वह्यांची कोरी पानं, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यातले मधले कागद, जे हाताला लागेल त्यावर काढायची. झोपलेली थोरली, लसणाच्या पाकळ्या, आणि पेटीवाल्यांचे हात तर शेकडो वेळा. ते सगळं त्या पेटीत होतं. पेटीवाले रोज आंघोळ झाल्यावर ती पेटी खाली घेत, कोरड्या फडक्यानं पुसत आणि जागच्या जागी ठेवत. उघडत मात्र नसत. आतल्या कागदावर ती गेली त्या दिवसाची तारीख होती ना.

आता त्या पेटीत काय उरलं असेल? त्या रात्री जेवण गेलं नाही आणि सकाळी पेटी पुसायला हात वर गेला तो तसाच खाली आला. उघडून बघणं काही अवघड नव्हतं, झाकण त्यांनी स्वतःच अलगद सरकेल असं बसवलं होतं. पण उघडलं नाही तोवर चित्रं शाबूत असण्याची शक्यता तरी होती.

लोक अशा वेळी हातपाय गाळून बसतात. पेटीवाल्यांनी उलटं केलं. ते सरकारी दप्तरखान्यात गेले आणि तिथल्या जुन्या कागदांची देखभाल करणाऱ्या बाईंपुढे शाळकरी पोरासारखे उभे राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मोरचूद घातला असता तरी वर्तमानपत्र नडलंच असतं. तो कागद मुळातच आंबट. ज्याला टेकेल त्याला पिवळं करतो."

"म्हणजे मी विष ठेवलं नाही, आणि जे ठेवलं तेही विषच?"

"तसंच समजा."

मग बाईंनी कपाटातून त्यांच्याकडच्या पेट्या काढून दाखवल्या. पुठ्ठा पांढरा, आम्ल काढून टाकलेला. तो वेगळा मागवावा लागतो. आतून काही चिकटवायचं नाही. कडा खळीनं जोडायच्या नाहीत, दुमडून एकमेकींत अडकवायच्या. फोटो एका पेटीत, दाखले आणि जमिनीची खतं दुसऱ्या, कारण जुनी शाई शेजारच्या फोटोवर उतरते. चित्रं उभी ठेवायची नाहीत, आडवी, आणि दोन चित्रांच्या मधे कोरा कागद. पेटी आत ठेवायच्या वस्तूपेक्षा बोटभरच मोठी, म्हणजे आत काही घसरत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा तर लांबच ठेवायचा, आतला दमटपणा आतच राहतो.

"आणि वर्षातून दोनदा उघडून बघायचं," बाई म्हणाल्या. "लोक नेमकं तेवढंच करत नाहीत."

पेटीवाल्यांनी पुठ्ठा कुठून मागवायचा ते लिहून घेतलं.

पांढरा पुठ्ठा यायला दोन आठवडे गेले. तेवढ्यात त्यांनी आठवून आठवून घरं शोधली. नावं विसरले असतील, पण तारखा त्यांना पाठ होत्या. पुठ्ठा आल्यावर रोज दोन नव्या पेट्या पिशवीत घालून ते निघत, दार वाजवत आणि म्हणत, "मी केलेली पेटी परत न्यायला आलोय. त्यात माझी चूक आहे." असं स्वतःच्या तोंडानं सांगणारा कारागीर लोकांनी कुठे पाहिलेला! एका शिंप्यानं तर त्यांना आधी पाणी पाजलं आणि डोकं दुखतंय का म्हणून विचारलं. एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, "अहो, माझी पेटी उत्तम आहे. मी त्यात स्क्रूड्रायव्हर ठेवतो." तिथे पेटीवाले पुष्कळ दिवसांनी हसले. एका घरी मात्र आजोबांच्या जमिनीच्या खतावर मधोमध भोक पडलेलं होतं, आणि घरातली सून दारातच त्यांना वाट्टेल ते बोलली. पेटी बदलून दिल्याशिवाय ते कुठूनही हलले नाहीत.

एकतीस पेट्या बदलून झाल्या. नर्सबाईंच्या गल्लीत त्यांचा पाय वळत नव्हता, आणि घरातल्या फळीवरची पेटीही तशीच होती.

थोरली हे सगळं बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलायला फटकळ, पण गेले महिनाभर घरात तोंड मिटून वावरत होती. रविवारी सकाळी बाप पिशवी भरायला लागला तशी ती म्हणाली, "बाबा, आईची पेटी कधी उघडणार?"

"उघडू गं. आधी लोकांचं होऊ दे."

"लोकांचं झालं की दुसरं काहीतरी काढाल. आण खाली." एरवी त्यांना अहो-जाहो करणारी थोरली एकेरीवर आली की ऐकावंच लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेटी खाली घेतली. फडक्यानं पुसली. मग झाकणावर दोन्ही हात ठेवले. शेवटी डोळे मिटून झाकण सरकवलं.

पेटी रिकामी होती. अस्तर खरवडून काढलेलं, आतला पुठ्ठा उघडा, तळाशी एक कागदाचा कपटासुद्धा नाही. त्यांना वाटलं, सगळं खाऊन संपलं. त्यांच्या छातीतून जो आवाज निघाला तो ऐकून थोरली घाबरली.

"नाही नाही, बाबा, चित्रं आहेत! माझ्याकडे आहेत." ती धावत जाऊन आपल्या पलंगाखालून पत्र्याचा सपाट डबा घेऊन आली. त्यात कोऱ्या कागदांच्या मधे एकेक चित्र आडवं ठेवलं होतं. दोन-तीन कडेनं कुरतडलेली, बाकी सगळी धड. लसूण, झोपलेली मुलगी, पेटीवाल्यांचे हात. पेटीवाल्यांनी एकेक चित्र हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"मला आईची चित्रं बघावीशी वाटली, म्हणून तुम्ही बाहेर गेलात तेव्हा उघडली होती," थोरली म्हणाली. "कसर दिसली. मग चित्रं काढून घेतली, अस्तर खरवडून टाकलं. पेटीचा पुठ्ठाच जड, हलकी झालेली तुमच्या हाताला कळली नाही. तुम्ही रोज ती पेटी पुसत होतात. कसं सांगणार? तुमच्या कामात खोट आहे हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"कधीची गोष्ट?"

"चार वर्षं झाली."

पेटीवाल्यांनी हातातलं चित्र डब्यात ठेवलं. चार वर्षं! मघाचा आनंद क्षणात कडू झाला. "अगं, तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी तेव्हाच घरोघर गेलो असतो. नर्सबाईंचं पोर वाचलं असतं."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो. पोर कुठलं वाचणार होतं, वाचले असते ते फोटो, पण ते शब्द दुरुस्त करायला दोघांपैकी कुणी गेलं नाही. थोरली भिंतीला टेकून खाली बसली. तिनं बापाला जपलं होतं, आणि त्याची किंमत भलत्याच घरानं मोजली होती. पेटीवाले तिच्यावर चिडले होते, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं हेही त्यांना पक्कं माहीत होतं. असल्या रागाचं काय करायचं?

"चल," ते शेवटी म्हणाले. "जाऊन सांगू."

"मी सांगते. तुम्ही नुसते बरोबर या."

नर्सबाईंनी दार उघडलं, दोघांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या. थोरली बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, मधे स्वतःची बाजूही मांडली नाही. नर्सबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"चार वर्षांपूर्वी माझी पेटी ठीक असेल का?" त्यांनी विचारलं.

"असेल. निदान अर्धी तरी," पेटीवाले म्हणाले. खोटं बोलायची आता त्यांची तयारी नव्हती.

नर्सबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. रस्त्यावरून एक सायकल गेली. थोरलीनं बापाचा हात धरला.

"तुझ्या आईची चित्रं नीट आहेत ना?" नर्सबाईंनी न वळताच विचारलं.

"आहेत."

"मग एका घरातलं तरी राहिलं," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण त्यात टोमणा नव्हता. थोरलीला ते सहन झालं नाही, ती ओक्साबोक्शी रडायला लागली. नर्सबाईंनी तिला रडू दिलं. मग कपाटातून औषधाचा एक लहान पांढरा डबा आणून त्यांनी टेबलावर उपडा केला.

त्यातून फोटोंचे तुकडे पडले. खराब भाग कात्रीनं सरळ कापून टाकून उरलेलं तेवढं त्यांनी ठेवलं होतं. एका तुकड्यावर शाळेचे बूट. एकावर सायकलच्या दांडीवरची मूठ. एकावर खांदा आणि कान. चेहरा कुठल्याच तुकड्यावर नव्हता. बारा-तेरा तुकडे, सगळे मिळून तळहाताएवढे.

"एवढ्याला बसेल अशी आहे का तुमच्याकडे?"

बरोबर आणलेल्या पिशवीतल्या दोन्ही पेट्या मोठ्या होत्या. पेटीवाल्यांनी खिशातून पट्टी काढली, तुकडे एकमेकांशेजारी मांडून माप घेतलं आणि ते पुन्हा एकदा घेतलं. उद्या आणतो म्हणाले. बोटभर जास्त ठेवतो, म्हणजे काही घसरणार नाही.

"आत कागद नको."

"नाही लावणार."

नर्सबाईंनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली. एक तुकडा उलटा केला आणि त्याच्या मागे मुलाचं नाव लिहिलं, दवाखान्यात बाटल्यांवर लिहीत तसं, सुट्या नीट अक्षरांत. मग दुसऱ्याच्या मागे. मग तिसऱ्याच्या.

"माझ्यामागे कुणाच्या हाती लागले," त्या म्हणाल्या, "तर बूट कुणाचे ते कळायला हवं."