पेणकरच्या व्हॅनचा कॅमशाफ्ट

…आणि तो कॅमशाफ्ट बाहेर निघाला, इथवर काल आलो होतो, नाही का? हां. पण आधी एलिएझर पेणकर कोण ते सांगतो, म्हणजे रंगत येईल. भायखळ्याच्या गॅरेजातला पक्का मिस्त्री. त्रेसष्ट साली इथं इस्रायलात, किर्यात मलाखी गावात, माझा शेजारी. इथं आल्यावर त्याच्या वाट्याला काम आलं संत्र्यांच्या पेट्या ठोकायचं. मग त्यानं मोडीतली एक व्हॅन उचलली. ती चालली की वस्त्या-वस्त्यांवर पंप दुरुस्त करत फिरायचं, पेट्या सुटायच्या, एवढाच त्याचा ध्यास.

व्हॅनचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे वाल्व उघडणारा दांडा, झिजलेला. तेल अविवचा दुकानदार त्स्वी म्हणाला, "हा पोटातला. आता येतात ते डोक्यावर बसणारे." मला काय कळतंय! एलिएझरनं समजावलं: एक जात इंजिनाच्या पोटात बसून लांब काड्यांनी वाल्व उचलते, दुसरी थेट वाल्वांच्या वर बसते. उंचवटे मात्र दोन्हींवर, अंड्यासारखे. टोक झिजलं की वाल्व धड उघडत नाही. आठ महिन्यांनी त्स्वीनं पोटातला एक शोधून पाठवला. शेवटचाच.

तो बसला शुक्रवारी दुपारी. आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, पत्र्याच्या शेडीत वीज नव्हती. लोक म्हणाले, "एलिएझरभाऊ, व्हॅन दाराशी आण, शब्बाथपुरते दोन दिवे लाव ना तिच्या इंजिनावर." शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागतो; मग दिवा-यंत्र चालू-बंद, कमी-जास्त काही करायचं नाही, म्हणून इंजिन आधीच सुरू केलं. ते जोरात भणभणत ठेवून तो म्हणाला, "वेगाच्या या स्क्रूला कुणी हात लावू नका," आणि अंघोळीला गेला.

प्रार्थना म्हणणार मी! गळा माझा मोठा, पण त्या इंजिनापुढे कोण ऐकणार? शब्बाथ लागायच्या आत मी स्क्रू पिळला, इंजिन मंद केलं. काय गोड पुटपुटायला लागलं म्हणून सांगू! रात्रभर, दुसरा अख्खा दिवस.

नवा कॅम बसवला की पहिला अर्धा तास इंजिन पळवावं लागतं, तरच त्याच्यावर तेल उडतं. मंद चाललं तर तो कोरडा घासतो. हे मला कळलं रविवारी, कामावरून येऊन त्यानं इंजिन उघडलं आणि शाफ्ट माझ्या हातात दिला तेव्हा. अंड्यांची टोकं गेलेली, सगळं गोल गरगरीत.

मी म्हणालो, "एलिएझर, स्क्रू मी पिळला रे. त्स्वीला लिहू, आणखी एखादा मिळेल."

तो म्हणाला, "ऐकलं होतं मी. शेडीत पाऊल टाकलं तेव्हाच. पण शब्बाथ लागलेला, काय करणार? बसलो ऐकत, एकेक टोक जाताना. आता त्स्वीला लिहू नकोस. माझी हत्यारं तू घेऊन जा, घरात नकोत मला. उद्या सहाला पेट्या ठोकायला जायचंय, तिथं हातोडी त्यांचीच असते."